ज्यात बाबा मरत नाही

त्याचा उजवा हात कोपराच्या वरून गेलेला, म्हणून आमच्याकडे त्याचं नाव पडलं उजवेसाहेब. नाव मीच ठेवलं. माझ्या जिभेला हाड नाही, हे आमच्या धंद्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. पण तोही काही कमी नव्हता. पहिल्याच दिवशी म्हणाला, "ताई, साहेब म्हणताय ना? मग पुढेमागे काय वाट्टेल ते लावा."

माझा धंदा खोट्या अवयवांचा. अवकाशयानं, यंत्रमाणसं, परग्रहावरच्या लढाया असलेले सिनेमे निघतात ना, त्यांत जे हात-पाय उडतात ते आमच्या शेडमधून गेलेले असतात. एका लांब टेबलावर साचे, दुसऱ्यावर रबराची कातडी, आणि खिडकीशी दोघी मुली सुईने एकेक केस त्या कातडीत रोवत बसलेल्या. एक हात बनायला कित्येक आठवडे जातात आणि तो एका झटक्यात तुटतो. बाळंतपण आणि मयत एकाच घरात, असा हा धंदा. तरी मला तो आवडतो, आणि दुसरं काही येतही नाही.

उजवेसाहेबाचा खरा हात ऐन तरुणपणी खोक्यांच्या कारखान्यात गेला, पुठ्ठा कापायच्या यंत्रात. पुढची काही वर्षं त्याने एका गोदामाच्या दाराशी स्टुलावर बसून काढली. तिथेच सिनेमावाल्यांपैकी कोणीतरी त्याला पाहिलं आणि माझ्यासमोर आणून उभा केला. कारण सरळ होतं. धडधाकट माणसाचा हात तुटताना दाखवायचा तर त्याचा खरा हात पाठीशी बांधावा लागतो, आणि मग पाठ फुगलेली दिसते. ज्याला हात मुळात नाहीच, त्याला मी केलेला हात लावायचा, आत लाल पाण्याची नळी सोडायची आणि इशारा झाला की ओढायचा. काम फत्ते. अशा माणसाला या सिनेमांत फार मागणी असते, फक्त ती दोन मिनिटांची असते. तिसऱ्या मिनिटाला तो मेलेला असतो.

तसा तो मरत राहिला. कधी लोखंडी पंजाने, कधी हिरव्या किरणाने, कधी यानाच्या दारात चेंगरून. पात्राला नाव नसायचं. कागदावर 'पहारेकरी' नाहीतर 'जखमी सैनिक' एवढंच. बोलायला वाक्य नसायचं, फक्त किंकाळी. एकदा त्याने एका दिग्दर्शकाला भीत भीत सांगितलं, "साहेब, खरं म्हणजे आधी ओरडायला होतच नाही. माणूस आधी इकडेतिकडे बघतो, हात कुठे गेला म्हणून." दिग्दर्शक म्हणाला, "बरोबर आहे, पण तू ओरड." मग ओरडला. छान ओरडायचा. सगळं आटोपल्यावर अंगावरचं लाल पाणी पुसत माझ्यापाशी यायचा, चहाचा कप गुडघ्यावर टेकवायचा आणि विचारायचा, "आज बरा मेलो ना, ताई?"

कोणी भांडणात 'एका हाताने टाळी वाजत नाही' म्हणालं की हा स्वतःच्या मांडीवर सणसणीत थाप मारायचा. "वाजते की. मांडी कशाला दिलीय?" भांडणारे दोघंही हसायचे आणि भांडण तिथेच संपायचं. अशा माणसावर रागावता येत नाही. मी प्रयत्न करून पाहिलाय.

घरी बायको आणि एक मुलगी. बायको एका दवाखान्याच्या धुलाईखान्यात कामाला. बोलणं मोजकं, नजर मात्र तिखट. मुलगी मला आत्या म्हणायची. सुट्टीच्या दिवशी ती शेडमध्ये यायची, रबराची नाकं लावून हिंडायची, फळीवरच्या मुंडक्यांशी गप्पा मारायची. त्यांची तिला तसूभर भीती नव्हती. तिला भीती होती ती सिनेमाची.

त्याचं असं झालं होतं. ती फार लहान असताना शेजाऱ्यांच्या घरी टीव्हीवर त्याचा एक सिनेमा लागला. शेजाऱ्यांना काय कौतुक! "अगं, तुझा बाबा बघ, तुझा बाबा!" म्हणून तिला पुढे बसवलं. आणि तिच्या डोळ्यांदेखत त्या बाबाचा हात एका यंत्राने उपटला आणि उरलेला बाबा भिंतीवर फेकून दिला. ती रडली नाही. पण संध्याकाळी तो घरी आला तेव्हा ती पलंगाखाली शिरली आणि काही केल्या बाहेर येईना. आलेला माणूस बाबा नाही, दुसराच कोणीतरी त्याच्यासारखा दिसणारा आहे, अशी तिची ठाम समजूत झाली होती. ती घालवता घालवता दोघांच्या नाकी नऊ आले.

त्या दिवसापासून बायकोने सांगून टाकलं, "तू मरतोस तो एकही सिनेमा माझ्या घरात लागायचा नाही." त्यामुळे तिच्या बाबाचं काम म्हणजे काय, हे त्या पोरीने कधी पाहिलंच नाही. वर्गात बाकीच्या मुली सांगायच्या, माझा बाबा बस चालवतो, माझा बाबा दात काढतो. ही गप्प. तेव्हा त्याने तिला शब्द दिला, "ज्यात बाबा मरत नाही, असा सिनेमा येईल. तो तुला मोठ्या पडद्यावर दाखवीन." ती वाट पाहायला लागली. तो नव्या हाताचं माप द्यायला आला आणि ती बरोबर असली, की त्याची बाही ओढून विचारायची, "यात तरी जगतोस का?" तो म्हणायचा, "यात नाही गं, पुढच्यात." मी मेली तोंड फिरवून साच्यात पाणी ओतत बसायची. दुसरं काय करणार?

मग ती दिग्दर्शिका आली. वयाने तरुण, पायाला भिंगरी. टेबलावर चित्रं पसरून मला म्हणाली, "ताई, या सिनेमांत जग वाचवणारे सगळे एकाच साच्यातून काढलेले असतात. तुमच्याकडेसुद्धा इतका जुना साचा नसेल." मला ते पटलं. तिच्या यानात एक म्हातारी शास्त्रज्ञ होती, एक काळीसावळी दणकट सैनिक मुलगी होती, ऐकू न येणारा एक यंत्रज्ञ होता. आणि त्यांचा कप्तान होता एका हाताचा. तो शेवटपर्यंत जगतो आणि सगळ्यांना घरी घेऊन येतो. ती म्हणाली, "थिएटरात बसलेल्या प्रत्येकाला वाटलं पाहिजे, की उद्याच्या जगात माझीही जागा आहे." बाई मनापासून बोलत होती. आजही मी तिला खोटारडी म्हणणार नाही.

मी त्याच घटकेला उजवेसाहेबाला फोन लावला. "हात लावायचा नाही, तुटायचा नाही, मरायचं नाही. असशील तसा निघून ये."

तो काही असेल तसा आला नाही. बायकोने इस्त्री केलेला शर्ट घालून, रिकामी बाही नीट दुमडून, पिन लावून आला. कप्तानाचे दोन उतारे त्याने वाचून दाखवले. मी दाराबाहेर उभी होते. इतकी वर्षं मी त्याची किंकाळीच ऐकलेली. हा बोलतो तेव्हा असा शांत, भरीव आवाज लागतो हे मला तरी कुठे माहीत होतं? दिग्दर्शिका डोळे पुसत बाहेर आली. घरी जाऊन तो मुलीला म्हणाला, "बहुतेक यात." त्या 'बहुतेक'वर तिघांनी पंधरवडा काढला.

भूमिका मिळाली एका नामांकित हिरोला. सांगायला दिग्दर्शिका स्वतः आली, एवढं तिच्या पदरात घालते. "पैसे लावणाऱ्यांना ओळखीचा चेहरा हवा आहे, ताई. मी खूप भांडले." भांडली असेल. "त्याचा उजवा हात आम्ही संगणकावर पुसून टाकू." मी म्हटलं, "ज्याचा आधीच पुसलाय तो समोर बसलाय की." ती खाली पाहत राहिली. उजवेसाहेबच उठला आणि तिला पाणी दिलं.

वर तिची विनंती, की हिरोला एका हाताने वावरायला यानेच शिकवावं. दुष्काळात तेरावा महिना! मी म्हटलं, सरळ नाही म्हण. तो घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, "शिकवतो. पण मला एक वाक्य द्या. आणि मला मारू नका." बस, एवढंच मागितलं. दिग्दर्शिकेने त्याला यानाचा दारवान केलं. गोष्टीत एक प्रसंग होता: बाहेर अनोळखी यान येऊन धडकतं, सगळे घाबरतात, शत्रू आला म्हणून शस्त्रं उचलतात. तेव्हा दारवान म्हणतो, "दार उघडा. ती आपलीच माणसं आहेत." मग दार उघडतं. दारवान शेवटपर्यंत जिवंत राहतो.

शिकवणी माझ्याच शेडमध्ये झाली. हिरो रोज सकाळी यायचा, उजवा हात पाठीशी बांधून घ्यायचा. त्याचा राग यावा म्हणून मी जय्यत तयारीत होते, पण तो पडला भला माणूस. वेळेवर यायचा, उजवेसाहेबाला गुरुजी म्हणायचा, स्वतःचा कप स्वतः विसळायचा. शर्टाचं बटण लावायचं ते कसं, बाटली गुडघ्यांत धरून झाकण कसं फिरवायचं, उकडलेलं अंडं टेबलाच्या कडेशी कसं सोलायचं, गर्दीत उजवं अंग कसं आत घ्यायचं, सगळं तो शिकला. बोटं थकली तरी पुन्हा पुन्हा करायचा. उजवेसाहेब त्याच्याकडे असं पाहत बसायचा, की कोणाला वाटावं आरशात पाहतोय.

एकदा हिरोने विचारलं, "गुरुजी, स्वप्नात हात असतो?"

उजवेसाहेबाने हातातलं अंडं खाली ठेवलं. मग म्हणाला, "असतो. त्यानेच मी पोरीला उचलतो."

हिरोचे डोळे भरून आले. मीही मुलींवर उगाचच ओरडले, की सुया कुठे टाकता म्हणून.

घरी आता नवा खेळ सुरू झाला होता. मुलगी दोन्ही हात पसरून खोलीच्या उंबऱ्यात उभी राहायची, ती दार. हा समोर उभा राहून म्हणायचा, "दार उघडा. ती आपलीच माणसं आहेत." आवडलं तर दार उघडायचं, नाहीतर म्हणायचं, "परत." बायको कपड्यांचं गाठोडं घेऊन बाहेर ताटकळायची आणि म्हणायची, "अरे, मीपण आपलीच आहे, मला तरी आत घ्या." तिला विनोद करताना मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

त्याच्या प्रसंगाचं चित्रण झालं त्या दिवशी माझं तिथे काही काम नव्हतं, तरी गेले. रिकामी बाही पिन लावून दुमडलेली, डावा हात दाराच्या चाकावर. दुसऱ्याच वेळेला दिग्दर्शिका 'झालं' म्हणाली. दिवे लावणाऱ्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या. माझ्यापाशी येऊन तो नेहमीसारखा चहा प्यायला बसला, पण त्या दिवशी त्याला काही विचारता येईना. मीच म्हटलं, "आज बरा जगलास हो." तो लहान मुलासारखा हसला.

सिनेमा लागला तेव्हा दुपारच्या खेळाची चार तिकिटं त्याने काढली. "ताई, तुमच्याशिवाय नाही." मुलगी मध्ये, एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला आई, आईच्या पलीकडे मी. पोरीने पाय वर घेतले होते. मला वाटलं, भीती अजून गेली नाही.

कप्तान पडद्यावर आला. त्याने एका हाताने कोटाचं बटण लावलं. ती कुजबुजली, "बाबा, हा तुझ्यासारखं करतो!" तो म्हणाला, "मीच शिकवलंय." आवाजात काय थाट! हिरोने काम सुरेख केलं होतं. मान वळवणं, दारातून तिरकं आत येणं, सगळं हुबेहूब. पुढे त्या काळ्यासावळ्या सैनिक मुलीने कप्तानाला विचारलं, तुला कधी हाताची आठवण येते का. कप्तान म्हणाला, "स्वप्नात असतो. त्यानेच मी माझ्या मुलीला उचलतो." थिएटरात कोणीतरी हुंदका दिला. उजवेसाहेबाच्या बायकोने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्याने तिला हे कधी सांगितलं नव्हतं. तिला ते सिनेमातून कळत होतं, परक्या माणसाच्या तोंडून. तो समोरच पाहत राहिला.

मग ते अनोळखी यान येऊन धडकलं. शस्त्रं उचलली गेली. आणि पडदाभर त्याचा चेहरा आला. त्याचाच चेहरा, त्याचाच आवाज: "दार उघडा. ती आपलीच माणसं आहेत." मुलगी ओठांनी ते वाक्य त्याच्याबरोबर म्हणत होती. मग त्याने चाक फिरवलं. दोन्ही हातांनी.

मी डोळे चोळले. उजवा हात होता. बाही भरलेली होती, मनगट होतं, बोटं होती. मी धंद्यातली आहे, खोटं बोलणार नाही: चांगला हात होता. डाव्याचीच उलटी प्रत काढून लावली होती, करंगळीसुद्धा तशीच वाकडी. तो असा सहज चाक फिरवत होता, जणू हा माणूस कधी त्या खोक्यांच्या कारखान्यात गेलाच नव्हता.

त्याचं कारण मला मागाहून कळलं, दिग्दर्शिकेला फोन करून तिला नको नको ते बोलल्यावर. सिनेमा पुरा झाल्यावर आधी थोड्या निवडक लोकांना दाखवला होता. लोक म्हणाले, यात एका हाताची दोन माणसं का आहेत? त्या यानावर काही रोग आलाय का? गोष्टीत त्याचा काही अर्थ आहे का? पैसे लावणारे म्हणाले, एका सिनेमाला असा एक पुरे. मग कप्तानाचा हात पुसणाऱ्यांनीच दारवानाला हात लावून दिला. दिग्दर्शिका फोनवर रडत होती. "त्याचं वाक्य मी कापू दिलं नाही, ताई. वाक्य वाचवायचं तर हात लावावा लागला." ती खरं बोलत असेल. पण त्याला आधी सांगायला मात्र तिची जीभ रेटली नाही.

हे सगळं नंतरचं. तेव्हा थिएटरात मी फक्त त्याच्याकडे पाहिलं. त्याची नजर पडद्यावरून स्वतःच्या बाहीवर आली, तिथे क्षणभर थांबली आणि पुन्हा पडद्यावर गेली.  मुलीनेही आधी त्याच्या बाहीकडे पाहिलं, मग पडद्याकडे. 

आणि तेवढ्याने भागलं नाही. शेवटी यान फुटायला लागलं. मूळ गोष्टीत कप्तान सगळ्यांना घेऊन घरी येतो, उजवेसाहेबाने वाचलेल्या उताऱ्यांत तसंच होतं. पण त्या निवडक लोकांना कप्तान मेला तर जास्त रडू आलं असतं म्हणे, म्हणून शेवट बदलला होता. कोणीतरी मागे थांबून दांडा ओढून धरायला हवा होता. कप्तान म्हणाला, तुम्ही जा. आणि एका हाताने तो दांडा ओढून धरत जळून गेला. बाकी सगळे घरी पोचले. उतरणाऱ्या गर्दीत दारवान होता, धडधाकट, हसरा, दोन्ही हातांत सामान घेतलेला.

दिवे लागले. आम्ही बाहेरच्या मोठ्या खोलीत आलो. लोक डोळे पुसत, त्या कप्तानाविषयी बोलत जात होते. एका बाईने उजवेसाहेबाच्या बाहीकडे पाहिलं आणि ओळख असल्यासारखी गोड हसली. चेहऱ्याकडे तिने पाहिलंच नाही.

मुलगी भिंतीशी उभी राहिली. 

"बाबा, तू मेला नाहीस."

"नाही ना? सांगितलं होतं की नाही?"

"तो मेला. ज्याला हात नव्हता तो."

"हो."

"टीव्हीवरच्या त्या सिनेमात तुझा हात गेला, तेव्हा तूपण मेलास."

 तिच्या आईने तिच्या खांद्यावर हात ठेवला, चल म्हणून. पण ती हलेना.

"म्हणून त्यांनी तुला हात लावला का? तू मरू नयेस म्हणून?"

माझ्या तोंडात आलं होतं. त्या दिग्दर्शिकेचा, त्या पैसे लावणाऱ्यांचा सगळा उद्धार जिभेच्या टोकावर होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मी तो गिळला. तो पोरीसमोर गुडघ्यांवर बसला, तिच्या चेहऱ्याच्या उंचीला.

"हो," तो म्हणाला. "म्हणूनच."

तिचा चेहरा खुलला. किती वर्षांची काळजी मिटली होती तिची.

"मग चांगली आहेत ती माणसं," ती म्हणाली.

"हो, चांगली आहेत," तो म्हणाला. आईने तिला पाणी प्यायला पुढे नेलं. तो तसाच गुडघ्यांवर बसून राहिला. त्याला उठता येईना, म्हणून मी त्याच्या काखेत हात घालून त्याला उभं केलं.